गुरू वाळलाय

सुलेखाकाकूंना आपला मुलगा कायम वाळलेलाच दिसायचा. गुरुदत्त चांगला शहाण्णव किलोचा होता तेव्हासुद्धा. रविवारी दुपारी हॅम्बर्गहून स्काइप लागला, की तिकडे चिंचवडला काकू चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं, गुरू, वाळलास रे. मग त्याची बायको सरिता मागे तोंडाला पदर लावल्यासारखा रुमाल लावून हसायची. गुरुदत्त पोटावरून हात फिरवत म्हणायचा, हो ना आई, बरगड्या मोजून घे. त्या घरात हा विनोद इतका जुना झाला होता, की तो ऐकूसुद्धा येईनासा झाला होता.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची नीता. आम्ही इथे त्यांच्या बरंच आधी आलो, म्हणून सरिता मला नीताताई म्हणते. गुरुदत्तविषयी सांगायचं तर असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि हे मी तो गेला म्हणून म्हणत नाही. बंदरातल्या क्रेनचं सॉफ्टवेअर लिहायचा. पुण्याहून कोणी नवं कुटुंब आलं, की त्यांच्याबरोबर आनमेल्डुंगच्या, म्हणजे सरकारी पत्तानोंदणीच्या, रांगेत हाच उभा. कोणाचं कपाट चौथ्या मजल्यावर न्यायचंय, बोलवा गुरुदत्तला. वर खायला घाला, बस. गणपतीत मोदक वळायला बसायचा आणि निम्मे तिथेच संपवायचा. त्याच्या मुलाला, ओजसला, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. गुरुदत्त त्यालाही हसायचा. कशालाच न चिडणारा माणूस. अशाच माणसांची दुखणी कोणाला कळत नाहीत.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला कंपनीच्या डॉक्टरने सोनोग्राफी करून सांगितलं, लिव्हरला चरबी चढली आहे, वजन उतरवा. झालं. सरिताने कंबर कसली. तूप बंद, बटाटा बंद, भात वाटीभर, रात्री भाकरी आणि पालेभाजी. तो कुरकुरत खायचा आणि ऑफिसातून येताना बेकरीत केक हाणायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एप्रिलपर्यंत काटा जागचा हलला नव्हता.

मे महिन्यात पुतण्याच्या मुंजीला सगळी पुण्याला गेली. तिथे त्याचं पोट बिघडलं. साधं नाही, रक्त पडत होतं. कोपऱ्यावरच्या केमिस्टने गोळ्या दिल्या आणि बजावलं, बरं वाटलं तरी पूर्ण घ्या. याला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. चौथ्या दिवशी विमान होतं. उरलेल्या गोळ्या गेल्या पिशवीत.

ही पिशवी आमच्या सगळ्यांकडे असते. पुण्याहून परतताना लोणच्याबरोबर औषधंही भरायची. तापाची, पोटाची, सर्दीची. इथला हाउसआर्ट्स्ट, म्हणजे नेहमीचा फॅमिली डॉक्टर, चहा प्या आणि झोपा म्हणतो, असं एकमेकांना सांगायचं आणि आपलं आपण घ्यायचं. आपण सगळे घरच्या घरी डॉक्टर! राग येतो मला त्या पिशवीचा. माझ्याकडची मी नंतर फेकून दिली, पण बैल गेला न् झोपा केला.

जूनमध्ये इकडे फुटबॉलचा वर्ल्ड कप. बाल्कन्यांवर झेंडे, रस्त्यावर भोंगे. आम्ही सगळे बंदराजवळ मोठ्या पडद्यावर मॅच बघायला गेलो, तर गुरुदत्तने सॉसेजकडे बघितलंसुद्धा नाही. भूक नाही म्हणाला. माझे मिस्टर, मोहन, म्हणाले, याला म्हणतात मनाचा निग्रह. निग्रह कसला डोंबलाचा! पण त्या दिवसापासून वजन उतरायला लागलं ते लागलंच. सरिता शिवणयंत्रावर त्याच्या पँटी आत घेत बसायची आणि मला वर हाक मारून दाखवायची, बघा ताई, दुसऱ्यांदा घेतेय. आनंद मावत नव्हता तिच्या चेहऱ्यावर. नवऱ्याचं लिव्हर आपण वाचवलं, असंच तिला वाटत होतं, आणि का वाटू नये?

गणपतीत तर तिच्याभोवती बायकांचा गराडा. काय देतेस त्याला, सकाळी काय, रात्री काय. ती एकेकीला सांगत होती. इकडे आरती चालू असताना गुरुदत्त घामाने भिजून खुर्चीवर बसला. उजव्या कुशीत हात दाबून. कोणी विचारलं तर म्हणाला, कपाट उचलताना लचक भरली. संध्याकाळी कणकण यायची, तेव्हा पिशवीतली तापाची गोळी. खोकला लागला तेव्हा एकदा डॉक्टरकडे गेला, छाती तपासून घेतली, आणि पुण्यातल्या पोटाचं अवाक्षर काढलं नाही. ते तर कधीच बरं झालं होतं ना! त्याने सगळं अंगावर काढलं.

काकूंचं मात्र रविवारी चालूच, वाळलास रे. पण आता त्या एवढ्यावर थांबेनात. मधल्या वारी फोन करायला लागल्या. सरिताला म्हणाल्या, त्याला डॉक्टरला दाखव. सरिता हसून म्हणाली, अहो आई, तुम्हाला ते कधी जाड दिसलेत? मग काकूंनी मला फोन केला. म्हणाल्या, नीता, तू जवळ आहेस, त्याचा गळा बघ, डोळे बघ, हे पथ्याचं बारीक होणं नाही. मी सरिताशी बोलले. ती जरा चिडलीच. म्हणाली, आयुष्यभर मुलाला वाळलाच म्हणणाऱ्या बाईचं काय ऐकायचं. मला ते पटलं. आईच्या डोळ्याला लेक कधी भरलेला दिसतो का?

ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या जिन्यात तो कोसळला. मी सरिताबरोबर हॉस्पिटलमध्ये होते. लिव्हरमध्ये पुवाची मोठी गाठ झाली होती आणि ती पोटात फुटली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उन्हाळ्यात कुठे बाहेर गेला होता? इतक्या महिन्यांत हे विचारणारी ती पहिलीच. सरिताने मुंज सांगितली, गोळ्या सांगितल्या. बाईंनी हळूहळू समजावलं. आतड्यातले अमीबा पूर्ण औषध न घेतल्याने मेले नाहीत, ते लिव्हरमध्ये गेले आणि तिथे वाढत बसले. ताप, उजव्या कुशीतलं दुखणं, मरणारी भूक, घटणारं वजन, सगळं त्याचंच. महिनाभर आधी आला असता तर औषधं आणि सुईने पू काढून बहुतेक बरा झाला असता.

सरिताने एकच विचारलं, म्हणजे वजन माझ्या जेवणाने नाही उतरलं? बाई तिच्या हातावर हात ठेवून बसल्या.

शुद्धीत होता तोवर गुरुदत्त म्हणत होता, आईला कळवू नका. रविवारी आम्ही चिंचवडला सांगितलं, कॅमेरा बिघडलाय. काकू बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी वाळलायचं नाव काढलं नाही. बुधवारी दुपारी तो गेला. ओजसला शाळेतून आणायला मोहन गेले होते.

काकूंना सांगायचं कोणी? सरिताने फोन माझ्या हातात दिला. नंबर मी फिरवला. काय बोलले ते आठवत नाही.  मग काकू बोलल्या, अगदी हळू, दोष लागलेल्या माणसासारख्या.

"तो चांगला धडधाकट होता तेव्हाही मी उगीच म्हणत राहिले गं, वाळलास, वाळलास. तेव्हा गप्प बसले असते, तर या वेळी माझं ऐकलं असतं ना तुम्ही?"

मी म्हटलं, नाही हो काकू, तसं काही नाही. सरिता माझ्याकडे बघत होती. तसंच झालं होतं.