तीन मतं जुळेपर्यंत

माझे काका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं होते. एका नमुन्याचे तीन अहवाल जुळल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. त्यामुळे अख्ख्या शहराची पोटं शाबूत राहिली, हे मी मान्य करतो. पण निवृत्त झाल्यावर हाच माणूस गाडीच्या इंजिन ऑइलच्या मागे लागला आणि त्याने घराच्या नाकी नऊ आणले.

प्रश्न साधा होता. ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, पाच हजार. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, दहा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, पंधरा हजार किंवा एक वर्ष. तीन तिघाडा, काम बिघाडा!

"निर्णय होईपर्यंत गाडी हलवायची नाही," काकांनी जाहीर केलं. "नमुना बदलतो."

नेमकं तेव्हाच काकूंच्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं. ताई पाच तासांवर, दुसऱ्या शहरात, एकट्याच राहायच्या. काकूंचा जीव तिकडे अडकला.

"अहो, उद्या निघू या ना."

"अगं, लांबचा पल्ला आहे. वाटेत इंजिन जाम झालं म्हणजे?"

काकू रोज बॅग भरत आणि रोज रिकामी करत. काका रोज सकाळी डिपस्टिक काढून ऑइलचा एक थेंब टिपकागदावर घेत, खाली तारीख घालत आणि कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवत. गाडी जागची हलत नव्हती, मग ऑइल कशाला बदलतंय? एकवीस दिवसांत एकवीस डाग झाले, सगळे जुळे भाऊ. "शितावरून भाताची परीक्षा," काका मला कौतुकाने म्हणाले. मला त्याच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

शेवटी मेकॅनिक कंटाळला. "साहेब, दहा हजार धरा, पण आता मला सोडा!" दोन मतं जुळली. तिसऱ्यासाठी काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर सायकल चालवलेला माणूस, पण काकूंसाठी छातीठोकपणे सांगितलं, "दहाच!"

तासाभरात ऑइल बदलून काका घरात शिरले. "अगं, भर बॅग!"

घरात कुणीच नव्हतं. काकांनी फोन लावला, स्पीकरवर.

"मी ताईकडे आहे, कालपासून," काकू म्हणाल्या. "सांगून निघाले होते. तुम्ही पुस्तकातून मान वर न करता 'हं' म्हणालात."

काकांचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली, पण फार वेळ नाही.

"गेलीस कशी?"

"बसने."

काकांना राहवेना. "त्या बसचं ऑइल कधी..."

"मी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "ताई वाट बघत होती. बसले आणि आले."