नोटीस माफ

दुपारी सव्वाचारला हेमलताने राजीनामा यल्लाप्पांच्या टेबलावर ठेवला. अकरा वर्षांची कायम नोकरी सोडून सहा महिन्यांची इंटर्नशिप, तीही चौतिसाव्या वर्षी! बाईचं डोकं फिरलंय असं कुणी म्हटलं असतं, तर तिनंही मान डोलावली असती.

राजाजीनगरच्या या कारखान्यात पंपाच्या मोटारी बनतात. तयार मोटार चालू करायची, आत काही खरखरतंय का ते कानानं ओळखायचं आणि पास-नापास ठरवायचं, हे तिचं काम. मोटार पुन्हा ऐकून शेवटची सही विभागप्रमुखानं करायची. ती निपाणीहून डिप्लोमा घेऊन आली तेव्हा विभागप्रमुख यल्लाप्पांनीच तिचा कान तयार केला. माणूस बेळगावकडचा, तोंडानं फटकळ, मनानं भला. पुढे नोकरी सांभाळत ती शिकत राहिली आणि आता एम.टेक.चं शेवटचं सत्र उरलं होतं. त्यात एक तर आपल्याच कंपनीत प्रकल्प करायचा, नाही तर बाहेर इंटर्नशिप. मारतहळ्ळीच्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं. मोटारीची थरथर मोजून बिघाड आधीच कसा ओळखायचा, ते तिथे शिकायला मिळणार होतं. होकार आज पाचपर्यंत कळवायचा होता आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. इथली नोटीस मात्र तीन महिन्यांची, आणि ती माफ करणं एकट्या यल्लाप्पांच्या हातात.

"काय करालीस हे?" यल्लाप्पांनी कागद बाजूला सारला. "इथंच प्रकल्प दाखव की. जुना एखादा रिपोर्ट काढ, मी डोळे झाकून सही करतो. डिग्रीपण मिळंल, नोकरीपण ऱ्हाईल."

"डिग्री मिळेल अण्णा, पण मला येणार काय?"

"मग अकरा वर्षं मी काय शिकवलो तुला?"

हे तिला फार लागलं. "तुम्ही ऐकायला शिकवलंत. ते तसं का वाजतं, हे मला अजून सांगता येत नाही."

"आणि सहा महिन्यांनी त्यांनी हाकललं तर? नोटीस माफ करत नाही मी. जा, काम बघ."

हेमलता जागची हलली नाही. साडेचार वाजत आले होते आणि तिचा संताप अनावर झाला होता. "गेल्या महिन्यात आपल्याच विभागातल्या विराजला दोन दिवसांत सोडलंत. माझ्या जागी दिव्यश्री तयार आहे, मीच तिला शिकवलंय. मलाच का अडवता?"

यल्लाप्पा उठले, त्यांनी दार लावून घेतलं.

"मला ऐकू येत नाही, हेमलता. दोन वर्षं झाली. बारीक खरखर तर अजिबात नाही. तू मोटारीजवळ उभारतीस, मी तुझं तोंड बघतो आणि शेवटची सही करतो. कुणाला ठाऊक नाही."

आणि ती समजत होती, अण्णांचा आपल्यावर विश्वास आहे म्हणून ते पुन्हा तपासत नाहीत! त्यांच्या निवृत्तीला अजून सव्वा वर्ष होतं. तिला त्यांची कणव आली, चीडही आली. राजीनामा परत घ्यायला तिनं हात पुढे केलासुद्धा.

यल्लाप्पांनी ते पाहिलं. कागद झटकन आपल्याकडे ओढून त्यांनी त्यावर ‘नोटीस माफ’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. "सरी, ठीक आहे. मी बोलायला नको होतं. जा आता."

"सोमवारी कोण ऐकणार, अण्णा?"

"दिव्यश्रीचं तोंड बघीन," असं म्हणून ते हसले. तिला हसता आलं नाही.

पाचला दहा मिनिटं असताना, जिन्यात उभं राहून, रडत रडत तिनं होकार पाठवला. त्यांनी कागद ओढला नसता तर तो तिनं परत घेतला असता आणि जन्मभर त्यांच्यावर राग धरला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.