बिनकठड्याचा पूल

इस्त्रीवाल्या मावशीच्या टेबलावर दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांचे शर्ट एकावर एक, गुण्यागोविंदानं पडलेले असायचे. माणसांना तेवढं कुठलं जमायला!

लढाई चालू होती आणि मावशीचा एकुलता एक मुलगा फौजेत ट्रक चालवायचा. रात्री गाड्या कुठल्या वाटेनं जातात, ही गुप्त बातमी कुणीतरी फोडली, पेपरात छापून आली, आणि लगेच त्या वाटेवर बॉम्ब पडले. मावशीला सरकारी निरोप आला, मुलगा कामी आला. कुठं? ते गुप्त. देहही मिळाला नाही. सून ऐकेचना. "जागा सांगत नाहीत, म्हणजे त्यांनाच ठाऊक नाही. येतील ते," म्हणायची आणि नवऱ्याचे धुतलेले शर्ट रोज इस्त्रीला आणून टाकायची. मावशी मुकाट्यानं इस्त्री फिरवायची. पोरीला समजवायचं तरी कशाच्या जोरावर?

इकडे टीव्हीवर रोज चोराच्या उलट्या बोंबा. एक दिवस सत्तेवाल्यांचा वॉर्डप्रमुख हात जोडून दुकानात आला.

"मावशी, विरोधकांनीच बातमी विकली. तुम्ही नुसतं आमच्या स्टेजवर बसा."

"बसते की. पोरगं कुठं गेलं माझं, तेवढं विचारून द्या."

"ते कसं सांगणार? देशाचं गुपित आहे!"

मग विरोधी पक्षाचे वकीलसाहेब आले. त्यांच्या मते बातमी मंत्र्याच्या घरातूनच फुटली होती. मावशीनं त्यांच्याकडेही तेच मागितलं, आणि त्यांनीही तेच उत्तर दिलं. अरे मेल्यांनो, झाकायचं ते गावभर केलंत, आणि आईला सांगायचं तेवढं बरं पोटात राहतं तुमच्या!

शेवटी मावशी वकीलसाहेबांच्या सभेला गेली. माइक हातात येताच म्हणाली, "पोरगा शेवटच्या फोनवर बोलला होता, वाटेत एका पुलाला कठडाच नाही, गाडी घालताना जीव मुठीत धरावा लागतो. त्याच पुलावर गेला माझा पोर. कुणी फोडलं, ते बसा तुम्ही भांडत."

फोनवरचं खरं होतं, पण पोरगा कुठं गेला, ते तिला ठाऊक नव्हतं. तो पूल रोज स्वप्नात यायचा, म्हणून बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं, बाईनं फौजेचं गुपित फोडलं! पोलिसांनी तिला दुकानातून उचललं. चौकीतला साहेब वयानं लहान होता, बोलायलाही नीट होता.

"मावशी, मुलगा पुलावर गेला, हे कुणी सांगितलं तुम्हाला? फौजेबाहेर कुणालाच माहीत नाही ते."

"कुणी नाही हो. मी आपलं मनानंच..." मावशी थांबली. "म्हणजे पुलावरच ना?"

साहेबानं समोरची फाइल घाईनं मिटली. मावशीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "माझ्या सुनेला बोलावून घ्या, साहेब. माझं ती ऐकत नाही. तुमच्या तोंडानं एवढंच सांगा तिला."

"ते नाही सांगता येणार, मावशी. गुप्त आहे," साहेब म्हणाला, आणि त्यानं पुन्हा पहिलाच प्रश्न विचारला.