पुणतांब्याचं रक्त

याकूबच्या पोराचा, इरफानचा फोन आला तेव्हा मी केडगावात एका गल्लीत मांडवाच्या बांबूवर चढलो होतो. "काका, अब्बा पडलेत. तिसगावहून नगरला निघालोय, टेम्पोतच घातलंय." मी खाली कसा उतरलो ते मला आठवत नाही, बघणारे सांगतात, उडी मारली. माझ्याएवढ्या ढेरीचा माणूस तेवढ्या उंचीवरून पडला तर तिथे विहीर व्हायला हवी होती. झाली नाही. टेम्पो नगरला पोचायच्या आत याकूब गेला होता. दवाखान्याच्या आवारात जो भेटेल तो एकच वाक्य म्हणत होता, "असं कसं झालं हो, रिपोर्ट तर नॉर्मल होता." आज कित्येक आठवडे झाले, अजून म्हणतात. बाजारात म्हणतात, मशिदीबाहेर म्हणतात, माझ्याच दुकानात माझाच चहा पिताना म्हणतात. तेव्हा माझं डोकं असं तापतं की त्यावर याकूबची देग ठेवली तर भात शिजेल. म्हणून लिहायला बसलो. रिपोर्ट कोणाचा होता आणि मेला कोण, ते एकदाचं सांगून टाकतो.

याकूब शेख आचारी, मी मांडववाला. ज्या लग्नात माझा मांडव त्या लग्नात त्याची देग, हे नगर तालुक्यापासून पार पाथर्डीपर्यंत ठरलेलं. त्याच्या रश्श्याचा वास सुटला की पुणे रस्त्यावरचे ट्रक आपोआप केडगावात वळायचे. ड्रायव्हर म्हणायचे, आम्ही नाही वळवला, स्टिअरिंग वळलं. तिसगावात एका नवरदेवाचा ठार बहिरा चुलता त्याचा रस्सा प्यायला आणि म्हणाला, बँड जरा बारीक करा. पटत नसेल तर सोडून द्या, पण पुढचं सोडू नका, कारण पुढचं सगळं खरं आहे. याकूब कधी जेवायचा नाही. तो चव बघायचा. लांब दांड्याचा लोखंडी डाव देगेत बुडवायचा, रस्सा डाव्या तळहातावर ओतायचा आणि जिभेने उचलायचा. मग मीठ, मग पुन्हा तळहात. मग तेलाचा तवंग बघायला पुन्हा. बुंदीचा पाक बोटांत धरून तार बघायचा, ती बोटं चाटायचा. जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, गोड झालाय का म्हणून मूठभर, कच्चा राहिलाय का म्हणून आणखी मूठभर. वर आचाऱ्याचा चहा, साखर त्याच्या हाताने. दाढेखाली तंबाखू. झोप टेम्पोत, दोन गावांच्या मध्ये. आणि पंगत बसली की सगळ्यांदेखत पाण्याचा पेला उचलून म्हणायचा, "आपलं काय, पाण्यावर चाललंय." लग्नसराईभर हे असं.

हा झाला केडगावचा याकूब. दुसरा होता पुणतांब्याचा. पावसाळ्यात लग्नं थांबली की तो बहिणीकडे पुणतांब्याला जायचा तो पार तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर परतायचा. बहीण त्याच्याहून मोठी, तिच्यापुढे त्याची बोलायची टाप नव्हती. तिने तंबाखूची पुडी गोदावरीत फेकली, चहातली साखर बंद केली, बाजरीची भाकरी आणि पालेभाजी पुढ्यात ठेवली. पहाटे नदीवर चालत जायचं, दिवसभर भावजींबरोबर शेतात, दिवेलागणीला जेवण आणि लगेच झोप. तिकडून येणारा माणूस असा तुकतुकीत दिसायचा की त्याच्या बायकोने, आमच्या भाभींनी, त्याला दारातच परका समजून परत पाठवावा. आणि हा शहाणा पुणतांब्याहून आला की दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, अंघोळ करून, अत्तर लावून रक्त द्यायला जायचा. दर वर्षी. फक्त त्याच दिवशी. साखर चांगली, चरबी चांगली, सगळं चांगलं. गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणीसुद्धा चांगली, कारण तिने तीन महिने बघितले ते गोदाकाठचे.

हे नाटक कशासाठी, तर भाभींची अट होती. त्याच्या थोरल्या भावाला साखरेने नेलं, तेव्हापासून त्यांनी सांगून ठेवलं होतं की ज्या वर्षी रिपोर्ट बिघडेल त्या वर्षी डाव इरफानच्या हातात आणि तुम्ही घरात. याकूबला मरणाची भीती नव्हती, डाव सुटायची होती. म्हणून रिपोर्ट आला की तो लॅमिनेट करून देगांच्या खोलीत खिळ्याला लावायचा आणि लग्नसराईत कोणी टोकलं की डाव तिकडे रोखायचा. आचारी तो. त्याला ठाऊक होतं की पाहुण्यापुढे देगेतला कोणता भाग वाढायचा. डॉक्टरांपुढे त्याने नुसता वरचा तवंग वाढला.

एकदा मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. मुद्दाम गेलो. डॉक्टरांनी कागद बघितला, खूश झाले, विचारलं की जेवण कसं असतं. "जेवतच न्हाई साहेब," याकूब म्हणाला, "कामाच्या दिवशी तर ताटावर बसत बी न्हाई." अक्षर न् अक्षर खरं, आणि अख्खं वाक्य खोटं. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, साहेब, हा चव म्हणून बादलीभर रस्सा पितो, याचं रक्त घ्यायचं तर भर लग्नसराईत घ्या. याकूबने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली आणि गोड हसून म्हणाला, "साहेब, हा दत्तू मांडववाला. ह्येच्या मांडवाखालनं इमान गेल्तं, असं सांगतो लोकास्नी. तुमी ह्येचं काय धरता." डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला, बाहेर बाकावरचे पेशंट हसले. विमानाचं मी सांगत होतो, कबूल. पण बादली खरी होती… माझ्या आयुष्यात मी मापात बोललो ते तेवढं एकच वाक्य, आणि त्याने ते हशात बुडवलं.

तो गेल्यावर मी त्या डॉक्टरांकडे भांडायला गेलो होतो. घसा खाकरून तयार गेलो. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की रक्त मनाचं काही सांगत नाही, माणूस कसा जगतोय तेवढंच सांगतं. काय खाल्लं, किती झोपला, तोंडात काय धरलं, चालला की नुसता उभा राहिला, सगळं त्यात उतरतं आणि जगणं बदललं की रक्तही बदलतं. "त्यांनी मला सुट्टीतलं रक्त दाखवलं," ते म्हणाले, "आणि मी ते वर्षाचं समजलो." भांडण तिथेच संपलं. बाहेर आलो तर कंपाउंडर म्हणाला, काका, रिपोर्ट तर नॉर्मल होता ना. हो रे बाबा, होता. पुणतांब्याच्या याकूबचा होता. तो जगला असता आणखी तीस वर्षं. तिसगावात देगेपाशी पडला तो केडगावचा, आणि त्याच्या रक्ताचा एक थेंबही कधी कोणी बघितला नाही.

चाळिसाव्याच्या जेवणाचा मांडव मी घातला. इरफानने देगा चढवल्या. मी कनात बांधत होतो आणि नजर तिकडे गेली. पोरगं बापाचा तो डाव देगेत बुडवत होतं, डाव्या तळहातावर ओतत होतं, जिभेने उचलत होतं. मान तशीच तिरकी, एक डोळा तसाच बारीक. मला असा संताप आला की हातातली दोरी तुटली. नायलॉनची. जवळ जाऊन विचारलं, रक्त कधी तपासलंस? तो हसला. हसणंही बापाचंच. "लग्नसराई संपू द्या काका. आत्याकडं जाऊन येतो पुणतांब्याला, आल्यावर देतो."

मी त्याच्या हातातून डाव काढून घेतला. आचाऱ्याच्या हातातून भर चुलीवर डाव काढून घेणं म्हणजे नवऱ्या मुलाच्या डोक्यावरून फेटा उतरवण्यासारखं. माणसं गोळा झाली. भाभी दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या माझाच उद्धार करणार. त्या डावाकडे बघत राहिल्या… आणि म्हणाल्या, "घेऊन जा, भाऊ."

तेव्हापासून तो डाव माझ्या घरी खिळ्याला आहे. बायकोने राख लावून घासला, चिंच लावून घासला, पण गरम मसाल्याचा वास दांड्यातून जात नाही. सकाळी उठलो की याकूब आत येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो आणि मी त्याला मनसोक्त शिव्या घालतो. इरफान डाव मागायला आला होता. मी सांगितलं, आधी दंड पुढे कर, आणि ते आत्ता, लग्नसराईत. पुणतांब्याचं रक्त मला नको. तो चिडून गेला. जाताना म्हणाला की अब्बा म्हणायचे ते बरोबर होतं, दत्तूकाकाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं.

काल त्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग विचारलं, "काका, सकाळी रक्त द्यायच्या आधी चहा चालतो का?"

"नाही."

"बिनसाखरेचा?"

"पाणी पी."

मागून देगेचं झाकण सरकवल्याचा आवाज आला. "आज हळदीचं मटण हाय इथं. चव बघू का नको?"

"बघ," मी म्हटलं. "रोज बघतोस तेवढीच बघ."