ड्रेसरमामा आणि माझी तीनशे पिल्लं

ड्रेसरमामा शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी दाराबाहेर उकिडवे बसायचे आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकायचे. गडमुडशिंगीतल्या लोकांना त्याचं हसू यायचं. मामा म्हणायचे, "कोंबडी बोलत न्हाय असं कोण म्हणतंय? आपल्याला ऐकायला सवड न्हाय." जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतरही गावानं त्यांचा ड्रेसरचा हुद्दा सोडला नाही.

शिवणकाम सोडून मी अंड्यांसाठी तीनशे पिल्लं आणली, तेव्हा सासरे म्हणाले होते, "हे तुला जमायचं न्हाय." पाचव्या आठवड्यात पिल्लं पंख पाडून बसू लागली. विष्ठेत रक्त दिसलं. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्ती हगवण म्हणून निदान केलं, पाण्यातून द्यायचं औषध दिलं. पण मला धीर निघेना. वाढीचं टॉनिक, प्रतिकारशक्तीचं टॉनिक, यकृताचं टॉनिक, दुकानदार देईल ते मी त्याच पाण्यात ओतत गेले. तरी रोज सकाळी सात-आठ पिल्लं मेलेली असायची. शेवटी मामांना बोलावलं.

मामांनी पाण्याचं भांडं उचलून हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. "पी बघू एक घोट."

मी मागे सरले.

"मग त्यांनी का प्यावं?"

मग चष्मा लावून त्यांनी एकेक बाटली वाचली. एकीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात बी-वन जीवनसत्त्व हाय. डॉक्टरचं औषध जंतूला नेमकं तेच मिळू देत न्हाय, म्हणून जंतू मरतोय. आणि तू त्यालाच खुराक पाजतीस व्हय?"

मला रडूच कोसळलं. पिल्लं मीच मारली, असं वाटलं. मामांनी समजूत घातली नाही. हातात फावडं दिलं. "पिल्लांखालचं ओलं तूस आधी भाईर काढ. रोग तिथं बसलाय."

दुपारपर्यंत आम्ही दोघं उपसत होतो. सासरे लांबून बघत होते. मग तेही पाटी घेऊन आले.

टॉनिकं बंद करून पाण्यात नुसतं डॉक्टरांचं औषध ठेवलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी एकही पिल्लू मेलं नव्हतं. मी दोनदा मोजून खात्री केली. औषधाचे दिवस पुरे झाल्यावरच मामांनी जीवनसत्त्वं सुरू केली, तीही सिरिंजनं मोजून. "टॉनिक म्हंजे हरलेल्या पैलवानाचा खुराक," ते सांगायचे. "अंगात बळ येतंय, वाढ भरून निघती. पण कुस्ती औषधानंच करायची." दर रविवारी ते दहा पिल्लं तराजूत घालून वजन लिहून ठेवायला लावत. दोन रविवार काटा जेमतेम हलला. तिसऱ्या रविवारी वजन चांगलंच वाढलेलं निघालं, आणि मामा वहीकडे बघत खुशीत मान डोलावत राहिले. पुढे त्यातल्या सव्वादोनशेवर कोंबड्या अंड्यावर आल्या.

यंदा मामांनाच न्यूमोनियानं गाठलं. दवाखान्यातून त्यांची लेक त्यांना कळंब्याला आपल्या घरी घेऊन गेली. कोण काय, कोण काय सांगायचं. मी तातडीनं गेले, तर मामा उशीला टेकून बसलेले. मी डबा उघडून माझ्या कोंबड्यांची उकडलेली अंडी पुढे केली. त्यांनी स्वतःच एक सोललं, चावून चावून संपवलं आणि दुसरं उचललं.

"पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा मागून खाल्लं बघा," लेक माझ्या कानात म्हणाली.

"मागून कुठं? मीठ मागितलं तरी कोण देतंय हितं?" मामा म्हणाले.

मीठ आणायला आम्ही दोघी एकदमच उठलो.