तीन उघाड्यांपलीकडचं मिठागर

या ब्लॉगवर मी घाट, लेणी, समुद्र यांबद्दल बरंच लिहिलंय, त्यामुळे हटकून विचारणा होते की सगळ्यात अवघड जागा कुठली? विचारणाऱ्याला एखादा सुळका अपेक्षित असतो. खरं उत्तर असं, की ती जागा एका फ्लॉपीत होती आणि तिथे पोचायला मला डोंबिवलीहून कोपरीला जावं लागलं.

साल १९९३. मी डोंबिवलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. विलास माझा सहकारी, राहणारा ठाण्याच्या कोपरीचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. ते काही वर्षांपूर्वी बंद पडलं होतं, पण त्याचे वडील, आप्पा, अजून रोज सकाळी बांधावर चक्कर मारून यायचे. मस्कतच्या नोकरीची जाहिरात पेपरातून कापून विलासच्या हातात ठेवली ती मी. मोठ्या उत्साहाने ठेवली. त्यावरून बापलेकांची कडाक्याची भांडणं झाली. "मिठात काय ठेवलंय?" असं विलास रागाच्या भरात बोलून गेला आणि दोन आठवड्यांनी विमानात बसला. आप्पा पोचवायला गेले नाहीत. त्याची पत्रं आली तीही त्यांनी फोडली नाहीत, कुणाला फोडू दिली नाहीत. हे सगळं मला विलासच्या आईकडून कळलं आणि तेव्हापासून माझा जेवताना घास अडकायचा. मला कुणी दोष दिला नव्हता, पण जाहिरात कापलेली कात्री माझीच होती.

जाण्यापूर्वी विलासने मला एक फ्लॉपी दिली होती. संध्याकाळी क्लास सुटला की तो एक खेळ लिहीत बसायचा, तो हा. चित्रं नाहीत, नुसता मजकूर, तोही रोमन अक्षरांतली मराठी. तुम्ही खाडीकाठी उभे असता, शब्द टाईप करून चालायचं, वस्तू उचलायच्या, माणसांशी बोलायचं. मस्कतहून त्याने मला लिहिलं, "खाडीपलीकडे एक जागा लपवलीय. तिथपर्यंत पोच आणि आप्पांना दाखव. माझं पत्र ते वाचणार नाहीत, पण हे बघतील. वाट अडली तर त्यांनाच विचार."

आता माझा स्वभाव असा, की मी वाट विचारत नाही. नवऱ्याने यावर आयुष्यभर डोकं आपटलंय. त्यात आप्पांसमोर जायचं म्हणजे जाहिरातीचा विषय निघणार. तेव्हा मी ठरवलं, आधी एकटीने जागा शोधायची.

दोन महिने गेले. ज्यांना आज अशा ठिकाणी जायची हौस असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती: सुरुवातीला झाडाखाली फावडं पडलेलं असतं, ते घ्या. होडीवाल्याशी वाद घालू नका, तो बुडवतो. चिखलात उतरण्याआधी चपला काढा, नाहीतर खेळ तुम्हाला तिथेच अर्धा तास रुतवून ठेवतो. एवढं केलंत की बांध लागतो. बांधावर पहिली उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायची लाकडी झडप. तिथे प्रश्न येतो, "किती वाजता काढू?" पडद्यावर वरच्या कोपऱ्यात तिथी दिसते. वेळ चुकली की बांध फुटतो, मीठ विरघळतं, पुन्हा झाडाखाली. अशा उघाड्या तीन, आणि दर उघाडीला तिथी एकाने पुढे सरकते.

मी सकाळी सहा टाकून पाहिले, दुपारी बारा टाकून पाहिले. वहीत तक्ते केले. दोनदा नशिबाने पहिली उघाडी पार झाली, दुसरीवर बांध फुटला. तिथी मला नुसती सजावट वाटली. माझी आई कॅलेंडरात बघून उपास करायची, त्यावरून विलास मला चिडवायचा, तसलंच काहीतरी असेल म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. मग विलासच्या आईचा, काकींचा, क्लासमध्ये फोन आला. "आप्पा पत्रां परत पाठवायची म्हन्तान. पोस्टमन सोमवारी येल." तो शुक्रवार होता.

क्लासच्या सरांना मी रविवारपुरता कॉम्प्युटर मागितला. सरांनी वायरी गुंडाळून दिल्या. "मॉनिटर मांडीवर घेऊन बसायचं, डिकीत नाही," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी आईने जुनी गोधडी दिली. तिच्यात मॉनिटर गुंडाळून मी रिक्षात बसले, पायाशी सीपीयू. रिक्षावाले काका गप्पिष्ट निघाले.

"टीव्ही बिघडला का मॅडम?"

"कॉम्प्युटर आहे."

"मग डॉक्टरकडेच नेताय ना?"

तेव्हा शिळफाट्याचा रस्ता म्हणजे खड्ड्यांच्या मधून जमेल तिथे डांबर. दर खड्ड्याला मी मॉनिटर पोटाशी धरून वर उचलायची. फाट्याला चहा आणि वडापाव घेतला. वडा गरम, चटणी इतकी तिखट की काका मला हसले. पुढे मुंब्र्याचा डोंगर उजाडच होता, कळव्याच्या पुलावर खाडीचा तो ओला, खारट वास आला आणि मला वाटलं, परत फिरावं. काय सांगणार होते मी त्या माणसाला? काकांनी मात्र कोपरीत नेऊन थेट दारात उतरवलं, वर सीपीयूही आत नेऊन ठेवला.

काकी उंबऱ्यावर पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन उभ्या. "आलीस गो? पाय धू आनि मंग आत ये." मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, ते खारे पाय घरात न्यायचे नाहीत, अशी तिथली रीत. मिठागर बंद पडलं तरी बादली दारातच होती.

आप्पा ओटीवर पाठ करून बसलेले. वळले नाहीत. देवाच्या फोटोमागून निळ्या पाकिटांच्या कडा दिसत होत्या. मी पाटावर मॉनिटर ठेवला, वायरी जोडल्या, फ्लॉपी घातली. काकींना मजकूर मोठ्याने वाचून दाखवू लागले. झाड, फावडं, होडी, चिखल. काकी मान डोलवत होत्या, ओटीवर आप्पांची पाठ तशीच. पहिली उघाडी आली. तिथी दशमी. मी सहा वाजता काढली.

"बांध फुटला. मीठ विरघळलं," मी वाचलं.

ओटीवरून आवाज आला, "दशमीला सा वाजता कोन उघाडी काढतो?"

मी वही चाळू लागले.

"बोल ना. भरतीला टिपेला येऊ द्याची का नाय? दहा पाऊन किती?"

मला येईना. बीएस्सी होते मी, गणित घेऊन. पण पाऊणकी, पाऊणचा पाढा, आमच्या शाळेत कुणी म्हणवून घेतलाच नव्हता. आप्पा एव्हाना वळले होते आणि माझ्याकडे असे बघत होते, की हिला शिकवायला कोण ठेवतं.

"साडेसात! दशमीची भरती साडेसातला. तिथीला पाऊन लाव, भरतीचा टायम येतो. माझे बापाशीनं मना बांधावर उभा करून पाढा घोकवला, मी विलासला घोकवला. चौथी शिकलाय मी."

माझे दोन महिने, माझे तक्ते, सगळं एका पाढ्यात बसलं. लाज वाटली आणि हसूही आलं.

पुन्हा झाडाखालून सुरुवात. या वेळी पडद्यावर तिथी द्वादशी. "बारा पाऊन नऊ," आप्पा ओटीवरूनच म्हणाले. उघाडी निघाली, पाणी आत आलं. त्रयोदशी. "पावनेधा." आता ते दारात उभे. चतुर्दशी. "साडेधा, आनि उधानाचा पानी हाय, अर्धीच काढ." मी भीतभीत "अर्धी" असं टाईप केलं. खेळाला तो शब्द येत होता.

आणि आम्ही आत पोचलो.

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ जागा पाहिल्या, पण एवढ्या बारकाईने वसवलेली जागा पाहिली नाही. मिठाच्या राशी ओळीने, आणि प्रत्येक राशीजवळ "बघ" टाईप केलं की एक गोष्ट उलगडायची. आप्पांच्या बापाने उधाणाच्या रात्री फुटलेल्या बांधात स्वतःची पाठ लावून पाणी थोपवलं ती. काकी नव्या नवरी असताना राशीवर चढल्या आणि हसत घसरल्या ती. मुकादमाची लाल छत्री वाऱ्याने खाडीत नेली आणि सगळ्यांनी ती दिसलीच नाही असं सांगितलं ती. पंधरा-सोळा गोष्टी, सगळ्या आप्पांनी कधी ना कधी सांगितलेल्या, त्यांच्याच शब्दांत. मी वाचत होते आणि काकी पदराने डोळे पुसत मधेच हसत होत्या. आप्पा माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसले होते.

"छत्री लाल नव्हती, कालीच व्हती," ते म्हणाले. मग, "मिठान काय ठेवलंय बोलला व्हता मना. आनि यो सगला ठेवला?"

सगळ्यात टोकाला एक झोपडी होती. मी तिथे गेले. पडद्यावर आलेलं मी वाचलं: "झोपडीत आप्पा जेवतायत. दाराबाहेर विलास उभा आहे. पाय धुतलेत. आत बोलवायची वाट बघतोय."

खाली नुसती लुकलुकणारी रेघ. मी हात मांडीवर ठेवले, हा शब्द मी टाईप करायचा नव्हता.

आप्पांनी त्या रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "लिव. ये."

मी दोन अक्षरं दाबली. "विलास आत आला. ताट वाढलं," असं आलं आणि खेळ संपला. आप्पा उठले, देवाच्या फोटोमागून पाकिटं काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "वाच. आदी जुना."

संध्याकाळपर्यंत वाचत होते मी. पत्रांत तक्रार कुठेच नव्हती. तिकडे पाणी गोड असूनही पिववत नाही, असं एकात होतं, तेव्हा आप्पा मोठ्याने हसले. मधे काकींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा घास अडकला नाही. निघताना मी आप्पांना म्हटलं, जाहिरात मी दिली होती. ते म्हणाले, "म्हाईत हाय. त्यानं सांगलाय मना, जाताना." आणि मॉनिटर रिक्षापर्यंत स्वतः उचलून आणला.

परतीच्या खड्ड्यांचं मला काही आठवत नाही. डोंबिवलीत पोचून मॉनिटर सरांच्या टेबलावर ठेवला, चालू करून दाखवला, घरी गेले आणि आईच्या पलंगावर कपडे न बदलता झोपले. मन इतकं हलकं झालं होतं की स्वप्नही पडलं नाही.

ती फ्लॉपी पुढे दोन पावसाळ्यांत बुरशीने गेली. खेळाची दुसरी प्रत नाही, तेव्हा तुम्हाला तिथे जाता येणार नाही, याचं वाईट वाटतं. पण वाट विचारायला मी त्या दिवसापासून लाजत नाही, आणि पाऊणकी मला आजही पंधरापर्यंत येते.

पुढल्या वर्षी विलास सुट्टीवर आला. काकींनी फोनवर सांगितलं, टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा आप्पा आधीच दारात उभे होते. बादली भरलेली. त्यांनी तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "पाय धू आनि मंग आत ये."