तंजावर ते कोल्हापूर, विमानाने म्हणे दीड तास

कोल्हापुरात दिलेल्या माझ्या अक्काच्या मुलीचे कान टोचायचे ठरले. आमच्या तंजावरकडे बाळाला मामाच्या मांडीवर बसवूनच कान टोचतात, आणि त्या बाळाला मामा मी एकटाच. अक्काने फोनवर विचारलं, "यायला किती वेळ लागेल रे?" मी विमानतळांमधली अंतरं सांगणारी एक वेबसाइट उघडली. तंजावर विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ: साडेआठशे किलोमीटरच्या आत, वेळ दीड तास. तसंच कळवलं. तिने दुपारी तीनचा मुहूर्त धरला.

मग तिकीट काढायला बसलो, तर विमानच नाही! तंजावरात हवाई दलाची धावपट्टी आहे. प्रवासी विमान सुरू होणार, होणार, हे मी शाळेपासून ऐकतोय. वेबसाइटवर वेळ लिहिलेली पाहिली आणि वाटलं, झालं एकदाचं सुरू. त्या लोकांनी नकाशावरचे दोन ठिपके जोडले, रेघ मोजली आणि खुशाल 'प्रवासाचा वेळ' म्हणून छापली. मी देवनागरी उशिरा शिकलो, अजून एकेक शब्द दोनदा तपासतो. यांना एकदा तपासायला काय होतं?

अम्मा म्हणाली, "दिवस बदलायला सांग." पण तिकडे सगळ्यांना आमंत्रणं गेली होती.

पहाटे चारला त्रिचीची बस पकडली. रस्ता चांगला आहे, दीड तास धरा, पुढे विमानतळापर्यंत रिक्षा. त्रिची ते बेंगळुरू विमान तासाभराचं. बेंगळुरूत कोल्हापूरच्या विमानासाठी चार तास बसायचं होतं, त्याचे सात झाले. थंड इडली आणि गोड सांबार यांचे जे पैसे घेतले, त्यात आमच्याकडे चौघं जेवतील. काउंटरवरच्या बाईंना मी वेबसाइटचं पान दाखवलं. "तंजावरहून?" त्या म्हणाल्या, "तिथून कोण उडतं?" रांगेतले लोक हसले. तीन वाजता अक्काचा फोन आला, तेव्हा मी बेंगळुरूतच होतो.

साडेपाचला अक्काच्या घरी पोचलो. अक्काच्या सासूबाई दारातच उभ्या. "या मामा! विमानानं आलासा, का बैलगाडीनं?"

बाळाच्या डाव्या कानात सोन्याची तार होती. उजवा कान मोकळा.

"मुहूर्ताला एक कान शेजारच्या काकांच्या मांडीवर केला," अक्का म्हणाली. "दुसरा तुझ्यासाठी ठेवला. सगळे ओरडले, मी ऐकलं नाही. आता बस पटकन, सोनार तीनदा उठलेत."

मी बाळाला मांडीवर घेतलं. पहिल्या कानाच्या वेळी तिला काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं. सोनारांनी कानाला नुसता हात लावला आणि तिने माझा शर्ट मुठीत घट्ट धरला. तारेच्या आधीच ती रडली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

परत रेल्वेने आलो. घरी येऊन वेबसाइटवाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं. 'भेट दिल्याबद्दल धन्यवाद' एवढंच उत्तर आलं. पान अजून तसंच आहे, दीड तास.

तुम्हाला जायचं असेल तर आदल्या दिवशी निघा. प्रत्येक बहीण एक कान राखून ठेवेलच असं नाही.